आकडा टाकण्याआधी

शाळेचा अमृतमहोत्सव जवळ आला की संस्थेच्या बैठकीत एक हिशेब हमखास मांडला जातो. आजवर दहा हजार मुलं शिकून बाहेर पडली. प्रत्येकाने हजार रुपये दिले तरी झाले एक कोटी! चहा येतो, ठराव होतो, आर्किटेक्टकडून नव्या इमारतीचं रंगीत चित्र मागवलं जातं आणि पावतीपुस्तकं छापायला जातात. हा हिशेब आपल्या जुन्या सवयीचा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. पण त्या पैशामागे दारोदार फिरणारी माणसं होती. आपल्या कोटीमागे बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला एक क्यूआर कोड असतो, आणि जनरल रजिस्टरातल्या किती नावांचे फोन नंबर आपल्याकडे आहेत हे कुणी पाहिलेलं नसतं.

हे आधी पाहावं, म्हणजे मोहिमेपूर्वी चाचपणी करावी. परदेशातल्या मोठ्या शाळा आणि विद्यापीठं त्यासाठी सल्लागार नेमतात. तो संभाव्य देणगीदारांना एकेक करून भेटतो, त्यांची नावं गुप्त ठेवतो आणि किती रक्कम जमेल याचा अंदाज देतो. वेतनेतर अनुदानात वीजबिल भागवताना दमछाक होणाऱ्या शाळेला ही चैन परवडणार नाही, आणि माझ्या मते तिची गरजही नाही. घरचीच चार माणसं हे काम करू शकतात. मात्र ती कोण असावीत, यावर सगळं अडतं.

कारण आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणत नाही. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘तुम्ही सुरू तर करा’, ‘घरात बोलून सांगतो’ हे सगळे नकारच. मुख्याध्यापक मात्र वहीत ‘प्रतिसाद सकारात्मक’ असं लिहून घेतात. निवृत्त शिक्षकांना पाठवलं तर आणखी पंचाईत. ज्या बाईंनी पाढे पाठ करून घेतले त्या दारात आल्या की पन्नाशीतला कारखानदारही ताडकन उठतो, वाकून नमस्कार करतो आणि त्या म्हणतील त्याला हो म्हणतो. देणगी मागायला बाईंसारखं माणूस नाही. मनातलं काढून घ्यायला मात्र त्यांचा काही उपयोग नाही. संस्थेचे अध्यक्ष गावच्या राजकारणात असतील तर त्यांनीही या कामातून बाजूला राहावं. पुष्कळांचा हात त्यांच्याकडे पाहूनच आखडतो, आणि ते त्यांना कोण सांगणार? बरोबरीचा एखादा वर्गमित्र, ज्याचं संस्थेत काही अडकलेलं नाही, तो बरा. त्या भेटीत पैसे मागायचे नाहीत, हे पथ्य कडक. ताकाला जाऊन भांडं लपवू नये हे खरं. इथे मात्र भांडं खरोखरच घरी ठेवून जायचं असतं.

मग माणसं बोलतात. सभागृह कशाला, आधी मुलींची स्वच्छतागृहं बघा. मागच्या वेळी दिलेल्या पैशांची पावती अजून आली नाही. आयकर सवलतीसाठी ‘ऐंशी जी’चं प्रमाणपत्र मिळणार का? (दोन हजारांवर रोख दिले तर ती सवलत मिळत नाही, हे विचारायला जाणाऱ्याला माहीत असावं.) अमेरिकेतला वर्गमित्र लाखांत द्यायला तयार असतो, पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर परदेशी देणग्यांच्या ‘एफसीआरए’ कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला त्याचा पैसा घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट राखलेल्याने स्वतःच्या कमाईतून दिलेल्या पैशाला ही अडचण नाही. सध्याच्या पालकांशी बोलताना प्रवेशाचा विषय चुकूनही निघू नये. प्रवेशासाठी पैसे घेण्याविरुद्धचा, म्हणजे कॅपिटेशन फीविरुद्धचा, कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे.

भेटींच्याही आधी एक काम एका दुपारी होण्यासारखं आहे. सुवर्णमहोत्सवाची दोरीने बांधलेली फाइल कपाटातून काढायची आणि ‘बोललेली रक्कम’ व ‘जमा’ हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचायचे. यादीत पहिल्याने ५०१ टाकले की पानभर ५०१ उतरत जातात. दुसऱ्या पानावर कुणी ५,००१ घालतो आणि त्याच्या खालच्या तिघांचे आकडे वर चढतात. जमेच्या रकान्यात कुणासमोर नुसती आडवी रेघ आहे, हेही दिसतं. गावाची देण्याची रीत इतकी उघडी दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

त्या यादीतून आणखी एक गोष्ट कळते. मोठं काम थोड्याच माणसांवर उभं राहतं. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि वर्गण्या गोळा करत ते वणवण फिरले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची देणगी आली आणि पारडं फिरलं. तिला अटी होत्या. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव द्यायचं ही त्यांतली एक. आपल्या शाळेसाठी असे तीन-चार जण आहेत का, आणि त्यांना कोणाचं नाव कोरून हवं आहे, एवढं कळलं तरी चाचपणीचं निम्मं काम झालं.

आणि प्रत्येक घरात एक प्रश्न येतोच: “तुम्ही संचालकांनी किती घातले?” कर्वे अनाथ बालिकाश्रमासाठी हात पसरायला निघाले तेव्हा स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये त्यांनी आधी घातले होते. आपल्या संचालकांची यादी बहुधा बैठक संपेपर्यंत कोरीच फिरते. चाचपणीचा पहिला आकडा त्या यादीतून यावा. तो येत नसेल तर वर्गमित्राला घरोघरी पाठवण्यात अर्थ नाही.

समजा, सगळं फिरून झाल्यावर अंदाज निघाला पस्तीस लाखांचा. पस्तीस लाखांत सभागृह होत नाही. मुलींची स्वच्छतागृहं होतील, प्रयोगशाळेतली फुटकी बेसिनं बदलतील, गळणाऱ्या वर्गांवर नवे पत्रे चढतील. रंगीत चित्र मागवण्याआधी हा आकडा हाती असला तर आर्किटेक्टची फीही वाचते. अध्यक्षांच्या मनातलं सभागृह शताब्दीला बघू.