लेखणी उचलली गेल्यावर

म्हातारपणी माणूस विसरायचाच, असे आपण धरून चालतो. मराठीत 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो, घरात उर्दूत 'सठिया गए' म्हणून हसतो. पण १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या स्त्रीच्या विस्मरणाची हकीगत मांडली, ती इस्पितळात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. हा मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यात आपल्याही मोहल्ल्यातले वडीलधारे आहेतच.

मुलाचे नाव विसरलेला माणूस तरुणपणीचे गाणे मात्र धरून ठेवतो. लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की मेंदूतल्या ज्या भागांशी ओळखीच्या गाण्याची आठवण निगडित आहे, ते भाग या आजारात तुलनेने उशिरा झिजतात. पाढे चालीवर म्हणून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना याचे फारसे नवल वाटू नये. म्हणूनच अशा रुग्णांना जुनी गाणी ऐकवतात, जुने फोटो आणि जुनी भांडी दाखवून बोलते करतात. गेलेली स्मृती त्याने परत येत नाही. मन थोडे हलके होते, इतकेच. पण ज्याच्या हाती दुसरे काही उरले नाही, त्याला तेवढे थोडे नाही.

आता एक पेच पाहू. समजा, एका गृहस्थाने तरुणपणी सिनेमाची गाणी, कव्वाल्या मनसोक्त ऐकल्या. हजहून आल्यावर त्याने रेडिओ देऊन टाकला आणि घरात गाणे-बजावणे नको, असे मुलांना बजावले. आज तो मुलांनाही ओळखत नाही. पण शेजारच्या लग्नातले जुने गाणे कानावर पडताच त्याचा चेहरा उजळतो, बोटे ताल धरतात. आपण मान कोणाला द्यायचा? शुद्धीत निश्चय करणाऱ्याला, की समोर बसलेल्याला? अमेरिकी विचारवंत रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ साली पहिल्याची बाजू घेतली. रिबेका ड्रेसर यांनी १९९५ साली दुसऱ्याची.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाला वाट आहे. झोपलेला, लहान मूल आणि भान हरपलेला, या तिघांवरून लेखणी उचललेली असते, असे हदीस सांगते. म्हणजे त्याच्या खात्यावर आता गुनाह लिहिला जात नाही. पण सांभाळणाऱ्यांवरची लेखणी उचललेली नाही. आई-वडील म्हातारे झाले तर त्यांना 'उफ्' देखील म्हणू नका, हा कुरआनचा हुकूम आपल्याला आहे. त्यांच्या शब्दाची थट्टा करणे जसे वाईट, तसेच त्यांच्या शब्दाआड आपली प्रतिष्ठा जपत त्यांना कोरडे ठेवणेही वाईट. आणि त्यांच्या डोलण्याचे मोबाइलवर चित्रण करून नातेवाइकांत वाटणे तर त्याहून वाईट.

आम्हाला वाटते, सुरुवात त्याने कधीच न सोडलेल्या गोष्टींपासून करावी. तिलावत, हम्द, नात, आईची लोरी. दख्खनच्या बायका तर जात्यावर सूफींची चक्कीनामे म्हणत आल्या. ती ओळखीची असतील तर तीही. चेहरा पाहत राहावे, कासावीस झाला तर थांबावे. आणि यातले काहीच पोचले नाही, जुन्या गाण्यानेच जीव शांत होत असेल तर? तर ते हळू आवाजात लावावे आणि जवळ बसावे. त्याने गाणे सोडले ते आपल्या हिशेबासाठी. तो हिशेब आता मिटला आहे, भीती मात्र उरली आहे. भ्यालेल्याला धीर देणे हा त्याच्या निश्चयाचा भंग नव्हे.

कोणाला हे पटणार नाही. त्यांनी निदान एवढे करावे: अब्बा-अम्मी शुद्धीत आहेत तोवर त्यांनाच विचारावे, 'उद्या तुम्हाला काय ऐकवू?' आपल्या घरांत हा प्रश्न कोणी विचारत नाही. मग उत्तर आपल्यालाच द्यावे लागते, आणि लेखणी आपल्यावर चालूच असते.