निष्ठावंतांचा जाब

लोकप्रतिनिधीने आपल्या कृतीचा हिशेब लोकांपुढे मांडणे, यास राजकीय तत्त्वज्ञानात ‘उत्तरदायित्व’ म्हणतात. विरोधकांनी असा हिशेब मागणे स्वाभाविक मानले जाते. परंतु नेत्यासाठी जे राबले, त्यांनीच त्याला जाब विचारला तर तो निष्ठेचा भंग ठरतो काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, संस्था घसरणीला लागली असता सदस्यांपुढे सोडून जाणे आणि आत राहून आवाज उठवणे असे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा माणसाला थांबवून धरते म्हणूनच आवाजाला अवसर मिळतो. या दृष्टीने पाहिल्यास जाब विचारणे हे निष्ठेचेच कार्य ठरते.

अमेरिकेतील प्रगतिशील कार्यकर्त्यांचे व राजकीय लेखकांचे ‘नेटरूट्स नेशन’ हे वार्षिक संमेलन या प्रश्नाची जणू प्रयोगशाळाच ठरले आहे. समलिंगी सैनिकांना आपली ओळख लपवण्यास भाग पाडणाऱ्या १९९३ च्या धोरणामुळे सैन्यातून काढण्यात आलेले डॅन चोई यांनी २०१० साली लास व्हेगास येथील संमेलनात आपली वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीची अंगठी सिनेटमधील बहुमत पक्षाचे नेते हॅरी रीड यांच्याकडे सुपूर्द केली, आणि ते धोरण रद्द होताच ती परत करण्याचे वचन रीड यांनी सर्वांसमक्ष दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते रद्द करण्याच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली व अंगठी परत गेली. राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांच्या मते वचन हा भविष्याच्या अनिश्चिततेवरील मानवी उपाय आहे. साक्षीदारांपुढे दिलेले वचन मात्र त्याहून पुढे जाऊन इतरांना मागणीचा हक्क देते.

याच संमेलनात, १८ जुलै २०१५ रोजी फिनिक्स येथे, कृष्णवर्णीय आंदोलकांनी मार्टिन ओ’मॅली व बर्नी सँडर्स या अध्यक्षपदाच्या इच्छुकांना मध्येच थांबवून, टेक्ससमधील तुरुंगात पाच दिवसांपूर्वी मृतावस्थेत आढळलेल्या कृष्णवर्णीय सँड्रा ब्लँड यांचे नाव घेत, वांशिक न्यायाचा ठोस कार्यक्रम मागितला. यावर आक्षेप असा की, वक्त्याला बोलूच दिले नाही तर उत्तर येणार कसे? हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे, कारण प्रश्न कोणी विचारायचे हे जो ठरवतो, तोच हिशेबाची मर्यादाही आखतो. ज्यांच्या जिवावर बेतते त्यांना प्रश्नकर्त्यांत स्थान नसेल, तर सभेचे शिष्टाचारच नेत्याचे कवच बनतात. म्हणून व्यत्यय समर्थनीय ठरतो तो प्रश्न विचारण्याच्या हक्कासाठी, आणि तो हक्क मिळताच उत्तर ऐकून घेण्याचे कर्तव्यही प्रश्नकर्त्यावर येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, जॉन स्टुअर्ट मिल यांचा दाखला देऊन, राजकारणातील भक्ती अधोगतीकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला होता. ज्या वारकरी संतांची भक्ती सर्वमान्य आहे, त्यांनीही विठ्ठलाशी भांडण्याचा अधिकार सोडला नाही. मग मतांवर निवडून येणाऱ्या, चुकू शकणाऱ्या माणसाला तो अधिकार नाकारण्याची मुभा कशी असेल? नेत्यावर विश्वास ठेवणे म्हणजे त्याला प्रश्नांतून सूट देणे नव्हे, तर तो उत्तर देण्यास समर्थ आहे असे मानणे होय. आणि जो समर्थक प्रश्न विचारणे सोडतो, तो नेत्याच्या चुकीचा भागीदार होतो.