न मोजलेली मते

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील वालिस प्रांतात, आल्प्सच्या उतारावर वसलेल्या उंटरबेख या लहानशा गावाने ‘स्विस स्त्रीचे र्युटली’ असे बिरुद स्वतःला लावून घेतले असून तेथील स्मृतिफलकही तेच सांगतो. र्युटली म्हणजे लुसर्न सरोवराकाठचे ते कुरण, जेथे स्विस संघराज्याची पहिली शपथ घेतली गेली अशी परंपरागत समजूत आहे. कुरणावरची शपथ दंतकथेच्या धुक्यात असली, तरी गावातील प्रसंगाला तारीख आहे.

३ मार्च १९५७ च्या सार्वमतात, म्हणजे घटनाबदलाचा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवण्याच्या पद्धतीनुसार, नागरी संरक्षणाचे कलम निर्णयासाठी आले होते. युद्धकाळात वस्ती सांभाळण्याच्या या व्यवस्थेत स्त्रियांवरही सक्तीची सेवा येणार होती. ती लादावी की नाही हे मात्र केवळ पुरुष ठरवणार होते, कारण देशपातळीवर स्त्रियांना मताधिकारच नव्हता. मतदारयादी करणे हे गावाचे काम, एवढ्याच आधारावर उंटरबेखच्या ग्रामसभेच्या कारभाऱ्यांनी स्त्रियांना मतदानाची मुभा दिली. ग्रामप्रमुखांच्या पत्नी काथारिना त्सेनहॉयझर्न यांनी पहिले मत टाकले आणि त्यांच्यासह ३३ स्त्रियांनी मतदान केले. त्यांची मते वेगळ्या पेटीत जमा झाली. अधिकृत बेरजेत ती धरली गेली नाहीत.

बेरजेत न येणारे मत देणे हा व्यवहारी माणसाला वेडेपणा वाटेल. परंतु ज्याच्या माथी कर्तव्य येणार त्याला आधी विचारले पाहिजे, हा नीतीचा साधा नियम असेल, तर त्या स्त्रियांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन विचारणाऱ्यांची चूक उघडी पाडली, असेच म्हणावे लागते. अर्थात त्यांना पेटीपर्यंत जाऊ देणारे कारभारीही पुरुषच होते, ही अडचण फलकावरील गौरवाने मिटत नाही. ज्यांच्या हाती हक्क आहे त्यांच्याच कौलाने तो वाटून घ्यावा लागणे, हा थेट लोकशाहीचा पेच होता; भारतात प्रौढ मताधिकार राज्यघटनेनेच दिल्यामुळे त्याची धग येथे जाणवली नाही.

ते कलम त्या सार्वमतात फेटाळले गेले. १ फेब्रुवारी १९५९ रोजी स्त्री-मताधिकाराचा प्रस्ताव पुरुष मतदारांपुढे आला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश मते विरोधात पडली आणि वालिस प्रांतानेही नकारच दिला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नागरी संरक्षणाचे कलम सुधारून पुन्हा मांडण्यात आले, स्त्रियांची सेवा ऐच्छिक ठेवण्यात आली, आणि या वेळी ते संमत झाले. हक्क देण्यापेक्षा सक्ती काढून घेणे पुरुषांना सोपे गेले. देशपातळीवरचा मताधिकार स्त्रियांना मिळाला तो ७ फेब्रुवारी १९७१ रोजी, आणि तोही पुन्हा पुरुषांच्याच मतांनी.