सेवेच्या गाडीची डिस्क

॥ श्री गुरवे नमः ॥



गुरुपौर्णिमेसाठी यंदाही आपली पिकअप बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने साखळीकडे उतरणार आहे. मागे महाप्रसादाची पातेली, तांदळाची पोती, सतरंज्या आणि पुढे सेवेकरी. मेस्त्रींनी पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक डिस्क बदलायला सांगितल्या आणि ग्रुपवर चर्चा रंगली. एका दादांनी लिहिलं, "गाडी माऊलींची आहे, तिला काय होणार? ते पैसे अन्नदानाला लावू." दादा, तुमचा भाव चांगलाच आहे. पण आम्हा भगिनींना त्या वाक्यापाशी थांबावंसं वाटलं. आजचं चिंतन त्यावरच.

आधी डिस्क म्हणजे काय ते बघू, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ती पाहिलेली नसते. चाकाच्या आत बिडाची एक गोल थाळी चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. गाडीचा वेग कुठे जातो? तो नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते आणि ती थाळी सोसते. वेग दुप्पट झाला की सोसायची उष्णता चौपट. घाटात तर उतार संपेपर्यंत ती येतच राहते. थाळी झिजून पातळ झाली की उष्णता पोटात घ्यायला तिच्याकडे जागा कमी, मग ती लवकर तापते. ती ताप पुढे ब्रेक ऑइलपर्यंत जाते. जुन्या ऑइलमध्ये हवेतला ओलावा मुरलेला असतो, ते लवकर उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. पाय दाबलेला, गाडी पळतेय. पुढे काय होतं ते घाटाखालच्या गावांना विचारा.

म्हणून डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. अंदाजाने नाही, मायक्रोमीटरने चार-सहा ठिकाणी मोजायची. आपल्या डिस्कवर चरे पडलेत आणि ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरतं, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. लेथवर घासून घ्या, असं काहींनी सुचवलं. पण घासल्यावर जाडी कोरलेल्या आकड्याच्या खाली जाणार असेल, तर ते पैसे वाचवणं नव्हे. मेस्त्रींनी मोजून सांगितलंय, खाली जाते.

आता कृपेचं. कठोपनिषदात यमधर्म नचिकेताला रथाची उपमा सांगतात. शरीर हा रथ, आत्मा त्याचा स्वामी, बुद्धी सारथी, मन हा लगाम आणि इंद्रियं घोडे. बघा, त्या रथाला लगाम सांगितलाय. लगाम हा पूर्ण वाट हातात असतो, दरीच्या काठावर आल्यावर शोधायचा नसतो. आपल्या गाडीत लगामाचं काम गियर करतो. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक अधूनमधून लागतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे आहेत, आणि मग ब्रेकचा वास आला की "कंपनीचा माल वाईट" म्हणणारेही तेच!

आपल्या घरात तरी वेगळं काय चालतं? सकाळची उपासना, वेळेवर जेवण, नऊनंतर मोबाइल बाजूला, हे सगळं खालच्या गियरसारखं. ते सोडलं की दिवसभर रागावर नुसता ब्रेक दाबत बसावं लागतं. आणि संध्याकाळपर्यंत तो ब्रेक तापून निकामी होतो. मग सगळा राग निघतो तो लेकरावर.

गुरुमाऊलींची कृपा आहेच. पण मेस्त्रींच्या तोंडून वेळेवर आलेला निरोप ही कृपा नव्हे का? ती पोचल्यावर आपण दार लावून घ्यायचं, आणि वर त्याला श्रद्धा म्हणायचं, हे आम्हाला पटत नाही. अन्नदान करायला माणसं तर खाली पोचली पाहिजेत.

एकच डिस्क बदलून भागेल का, असंही विचारलं गेलं. नाही. दोन्ही चाकांच्या एकदम बदलायच्या, सोबत नवीन पॅड. एक बाजू जास्त धरते नि दुसरी कमी, तर गाडी एका बाजूला ओढते. (घरातही एकट्या सुनेनेच बदलायचं ठरलं की संसार तसाच ओढतो, हे जाताजाता.)

काम मेस्त्रीच करतील, पण जे दादा शेजारी उभे राहणार त्यांनी एवढं बघावं. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवाच. कॅलिपर काढला की तो त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. हबवरचा गंज घासून साफ करावा, नाहीतर नवीन डिस्कही वाकडी फिरते. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते क्लीनरने पूर्ण पुसायचं. ब्रेक ऑइलही या वेळी बदलून घ्या, दोन वर्षं झालीत.

पावसात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर दिसेल. घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकमध्ये तो पुसला जातो. पारायणात चार दिवस खंड पडला तरी असंच असतं, बसलं की जीभ पुन्हा वळते.

नवीन पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर जोराचा ब्रेक टाळायचा. म्हणून हे काम उत्सवाच्या आदल्या दिवशी नको, येत्या सोमवारीच करून घेऊ. तोवर भाजीच्या फेऱ्यांना गाडी कुणी मागू नये. उत्सवाला सामान दोन खेपांत न्यायचं, एकात कोंबायचं नाही. कणकुंबीला चहाला थांबाल तेव्हा पेडल दाबून बघा, आणि खाली पोचल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारू नका, गाडी धुवायला दुसरा दिवस आहे. दोन डिस्क आणि पॅडचा खर्च कोषाध्यक्ष ताई ग्रुपवर टाकतील.

जय गुरुदेव.