लिहिण्याचं ऋण कोणाचं?

नवी वेबसाइट सुरू केली की पहिल्या महिन्यात लोक विचारतात, 'कशावर लिहितोस?' तिसऱ्या महिन्यात विचारतात, 'किती मिळतात?' हा दुसरा प्रश्न आला की लिहिणारा उगाच ओशाळतो. डॉक्टरने फी घेतली, वकिलाने घेतली, कीर्तनकाराने बिदागी घेतली तर कोणाला काही वाटत नाही. लेखकाने पैशाचं नाव काढलं की मात्र काहीतरी अशोभनीय घडल्यासारखं होतं. मला हा संकोच पटत नाही. लिहिणं हे काम आहे आणि कामाचे पैसे मिळावेत. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे : हे पैसे कोणाकडून घ्यायचे?

माझा एक मित्र वानाडोंगरीला राहतो आणि हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने कंत्राटी कामगारांसाठी मराठीत एक साइट सुरू केली. पीएफ कसा काढायचा, आधारवरचं नाव आणि पीएफच्या नोंदीतलं नाव जुळत नसेल तर काय करायचं, ईएसआयचं कार्ड नसेल आणि मशीनवर बोट गेलं तर कोणाकडे जायचं, असे विषय. तो शिफ्ट संपवून रात्री लिहितो. साइटची तांत्रिक बाजू मी सांभाळतो, म्हणून कोणता लेख किती जणांनी उघडला आणि त्यातून किती आले, हे आकडे मला दिसतात.

पीएफवरच्या लेखाला त्याचे तीन रविवार गेले. मग एकदा, लोक विचारत होते म्हणून, त्याने 'लाडकी बहीण'च्या हप्त्यावर चार परिच्छेद टाकले. लिहायला वीस मिनिटं लागली असतील. त्या चार परिच्छेदांनी एका आठवड्यात आधीच्या सगळ्या लेखांना मिळून मागे टाकलं. तो म्हणाला, "आता काय लिहू ते तूच सांग बे. तीन रविवारवालं का वीस मिनिटवालं?"

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी पैसे येतात कुठून ते नीट पाहायला हवं.

गूगलची अ‍ॅडसेन्स ही सोय 2003 पासून आहे. हिंदी साइटना तिचं दार डिसेंबर 2014 मध्ये उघडलं आणि मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. त्याआधी मराठीत कितीही चांगलं लिहिलं तरी या वाटेने एक रुपया मिळत नव्हता. म्हणून या व्यवस्थेला सरसकट शिव्या घालणं मला जमत नाही. पुण्या-मुंबईतला एकही संपादक ओळखीचा नसलेल्या माणसाला तिने मोबदल्याची वाट दाखवली. दहा डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी पिन नंबरचं पत्र पोस्टाने घरी येतं. शंभर डॉलर जमले की पैसे बँकेत येतात. मित्राच्या घरी ते पत्र आलं तेव्हा त्याच्या आईने ते देवापाशी ठेवलं होतं, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

पण भाव कसा ठरतो ते बघा. तुम्ही पान उघडता तेव्हा ते पूर्ण दिसायच्या आत जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊन जातो. कर्ज, विमा अशा जाहिराती महाग असतात. अमेरिकेतल्या वाचकाच्या नजरेला भाव जास्त आणि हिंगण्यातल्या कामगाराच्या नजरेला कमी. आता थोडं गणित करू. समजा हजार वेळा पान उघडलं गेलं की चाळीस रुपये मिळतात आणि डॉलर 85 रुपयांचा आहे. शंभर डॉलर म्हणजे 8,500 रुपये. तेवढ्यासाठी पान 2,12,500 वेळा उघडलं जायला हवं. कंत्राटी कामगाराच्या ग्रॅच्युइटीवर लिहून हा आकडा कधी येणार?

म्हणून मग आपण रोज पाहतो तसले मथळे येतात. 'मोठी बातमी! या महिलांना हप्ता मिळणार नाही'. कोणत्या महिलांना, ते सातव्या परिच्छेदात, आणि पुष्कळदा तिथेही नाही. 2024 पासून अ‍ॅडसेन्समध्ये क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे मिळतात. साहजिकच वाचक जितका खाली सरकेल, तितक्या जास्त जाहिराती दिसतात. दीड हजार रुपयांची वाट पाहणारी बाई ते उत्तर शोधत खाली खाली जाते आणि तिच्या त्या काळजीचे पैसे होतात. इथे खोटं असं कोणी काहीच बोललेलं नसतं. पण जे पहिल्या ओळीत सांगता आलं असतं, ते दडवून ठेवल्याबद्दल कोणाला तरी पैसे मिळालेले असतात.

यावर एक रास्त आक्षेप येईल. मराठी साहित्य जाहिरातींवर जगलं नाही का? जगलं. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची आपली सगळी दिवाळी अंकांची परंपरा जाहिरातदारांच्या आधाराने चालली आहे. तेल, मसाले, सहकारी बँका, सराफ यांच्या पैशावर कितीतरी कवी छापले गेले. मग वेबसाइटनेच काय घोडं मारलं?

मला फरक दिसतो तो हिशेबाच्या पद्धतीत. दिवाळी अंकातली जाहिरात सबंध अंकाला मिळायची, तीही अंक छापण्याआधी. कोणती कविता किती जणांनी वाचली हे सराफाला कधीच कळायचं नाही. त्यामुळे संपादकाला एक लोकप्रिय कथा घेऊन तिच्या आधाराने चार अवघड गोष्टी छापता यायच्या. वेबसाइटवर प्रत्येक पानाला स्वतंत्र गल्ला आहे. पीएफच्या लेखाने आज किती कमावले, हे मित्राला रात्री झोपण्याआधी फोनवर दिसतं. 'हे लिही, ते लिहू नको' असं सांगायला त्याला कोणाचा फोन येत नाही. फोन आला असता तर भांडता आलं असतं. आलेखाशी भांडता येत नाही, तो फक्त रोज दिसत राहतो. तीन महिन्यांनी माणसाला वाटायला लागतं, आपल्याला लाडक्या बहिणीवरच लिहायला आवडतं.

जाहिरातीच्या पैशाची दुसरी बाजूही आहे. 1920 साली डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्या वेळी 'केसरी'ने पैसे घेऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला, हे आंबेडकरांनी पुढे स्वतः नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे खिशात पैसे असले की बाजारात जागा मिळतेच, असंही नाही. जागा ज्याची आहे तो ठरवतो.

1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' निघालं. संपादक ठेवायला पैसे नव्हते, अंकाचे चोवीस चोवीस रकाने आंबेडकरांना एकट्याने भरावे लागत. 3 फेब्रुवारी 1928 च्या अंकात त्यांनी जो लेख लिहिला त्याच्या मथळ्यातच त्यांनी विचारलं होतं की बहिष्कृत भारताचं ऋण हे लौकिक ऋण नाही का. माझ्या प्रश्नासाठी मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही. मथळ्यात त्यांनी मदत म्हटलं नाही, देणगी म्हटलं नाही. ज्यांच्यासाठी हे पत्र चालतं त्यांच्यावर त्याचं ऋण आहे, असं म्हटलं. पुढे 1943 साली पुण्यात रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात, पत्रकारिता हा आता साबण बनवण्यासारखा धंदा झाला आहे, अशा अर्थाची टीका त्यांनी केली. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर कळतं की पैशाला त्यांचा विरोध नव्हता. ज्यांच्यासाठी लिहायचं, त्यांच्यापासून पैसा तुटला की काय होतं, याबद्दल ते बोलत होते.

लिहिणारा कोणाचा तरी ऋणी होतोच. जाहिरातदाराचा होईल, आश्रयदात्याचा होईल, वाचकाचा होईल. 'मी पैशासाठी लिहीत नाही' असं म्हणणारे माझ्यासारखे लोकही त्यातून सुटत नाहीत. मला महिन्याच्या शेवटी पगार मिळतो, म्हणून मी हा लेख फुकट लिहू शकतो. खरं तर माझ्या लिहिण्याचे पैसे माझी कंपनी देते. तेव्हा फुकट लिहिण्याला नैतिक उंची देणं मला धोक्याचं वाटतं. तसं केलं तर लिहिणं फक्त पगारदारांचं राहील, आणि एमआयडीसीविषयी एमआयडीसीतल्या कामगाराऐवजी मी लिहीन.

मग वाचकाने पैसे द्यावेत का? 'मराठी माणूस वाचायला पैसे देत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते म्हणणाऱ्यांना एकदा दीक्षाभूमीवर घेऊन जावंसं वाटतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर उभं राहायला जागा नसते. रात्रभर प्रवास करून आलेली, मजुरी करणारी माणसं पिशवीत पुस्तकं भरून नेतात. हे लिहिणं आपलं आहे असं वाटलं की माणूस पैसे देतो.

आपल्या भाषेत यासाठी एक चांगला शब्द आहे, वर्गणी. मासिकाची ती वर्गणी आणि गणपतीचीही वर्गणीच. गणपतीच्या वर्गणीत एक गोष्ट गृहीत असते : ज्याने दिली नाही, त्यालाही मांडवात यायला मनाई नसते. साइटच्या दारावर कुलूप लावून 'आधी पैसे भरा' म्हटलं, तर ज्याला पीएफचा लेख सगळ्यात जास्त हवा आहे तोच बाहेर राहील. वर्गणीत ज्याला जमेल त्याने द्यायचं आणि दार सगळ्यांना उघडं ठेवायचं. जानेवारी 2020 पासून यूपीआयने घेतलेल्या पैशांवर दुकानदाराला शुल्क पडत नाही, त्यामुळे दहा रुपयेसुद्धा दहा रुपयेच पोचतात. वरचंच गणित पुन्हा करा : 8,500 रुपयांसाठी सव्वादोन लाखांच्या आसपास नजरा हव्यात, किंवा दहा रुपये देणारी 850 माणसं.

वर्गणीत धोका नाही असं नाही. मंडळाला सगळ्यात मोठी पावती फाडणाऱ्याचा चेहरा फ्लेक्सवर गणपतीहून मोठा असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वाचकालाही आवडतं तेच ऐकायचं असतं. म्हणून मित्राने काही गोष्टी ठरवल्या. एकाकडून महिन्याला शंभर रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. कंत्राटदाराकडून काहीच घ्यायचं नाही. जाहिराती चालू ठेवायच्या, पण झटपट श्रीमंती, ज्योतिष, जादूटोणा असे जे प्रकार सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात, ते बंद करायचे. कुठून किती आले ते दर महिन्याला साइटवर लिहायचं. आणि हप्त्याची तारीख पहिल्याच ओळीत सांगायची, माहीत नसेल तर 'अजून जाहीर नाही' एवढं लिहून थांबायचं. या शेवटच्या नियमामुळे त्याचं उत्पन्न कमी झालं, ते मला आकड्यांत दिसलं.

पहिल्या महिन्यात वर्गणी जाहिरातीपेक्षा कमी जमली. त्यातले वीस रुपये एका अनोळखी माणसाने पाठवले होते आणि सोबतच्या टिपेत लिहिलं होतं, 'पीएफ निघाला. ग्रॅच्युइटीचं पण सांगा.' मित्राने मला तो स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, 'आता याचं देणं झालं बे आपल्यावर.' त्या रविवारी तो ग्रॅच्युइटीचा कायदा वाचत बसला होता.