तुझ्या घरात सगळ्यांची वयं चुकलीत

ती पत्रिका आधी पिशवीत घाल. नववीतल्या पोरीचा साखरपुडा, मे महिन्यात लग्न, आणि मला म्हणतोस, "गुरुजी, आशीर्वाद द्यायला यायचंच." २००६ चा बालविवाहाचा कायदा कधी कानावर आलाय? लग्न लावणारा दोषी, ठरवणारे आईबाप दोषी, आणि मांडवात जाऊन बसणाराही दोषी. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. बाईमाणसाला त्यात कैद नाही, म्हणजे आत जाणार तू आणि मी. या वयात मला जेलची आमटी खायला घालतोस होय रे?

उभा राहू नकोस. बस. आणि मान वर कर.

"पोरगी उलट बोलते, आरशापुढून हलत नाही, एकदा उजवली की सुटलो." हे तुझं कारण. अरे, चौदाव्या वर्षी उलट बोलायचं नाही तर काय पन्नाशीत बोलायचं? पियाजे नावाच्या स्विस माणसानं उभं आयुष्य पोरांची डोकी कशी चालतात हे बघण्यात घालवलं. अकरा-बारा वर्षांच्या पुढं पोराला जे समोर नाही त्याचाही विचार करता येऊ लागतो, असं त्यानं मांडलं. हे असं का, आणि तसं असतं तर काय झालं असतं, हे प्रश्न तिथून सुरू होतात. २०२२ साली कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी आपल्या तालुक्यातली चाळीस गावं तिकडं घ्यायचा विषय काढला होता, आठवतं? तुम्ही सगळे चावडीवर पाण्यावरून आणि पक्षांवरून भांडत होता. तुझी पोरगी तेव्हा सातवीत. तिनं मला विचारलं, "गुरुजी, आपण कर्नाटकात गेलो तर माझी दहावी कोल्हापूर बोर्डाची का तिकडची?" त्या अख्ख्या चावडीत कामाचा प्रश्न तेवढा एकच होता. त्या डोक्याला तू आता पाहुण्यांच्या चुलीपुढं बसवणार.

ऊसतोडीला जाणारा माणूस माझ्यापुढं येऊन असं बोलला असता तर मी त्यालाही अडवलं असतं, पण आवाज खाली ठेवून. दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून सहा-सहा महिने परमुलखात. पोरगी कोपीवर एकटी ठेवायची भीती, गावात ठेवावी तर घरात कुणी नाही. त्यात नवराबायको मिळून एक कोयता, त्या जोडीवर मुकादमाची उचल. त्याच्या गळ्याला फास आहे. तुझ्या गळ्यात काय आहे? सोन्याची चेन. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, बाग उभी राहिली, दारात गाडी आली. तुला कसली मजबुरी?

आणि तो धाकटा. साडेतीन वर्षांचं पोर, त्याला पहाटे उठवून गाडीत कोंबतोस. इंग्रजी शाळा! रात्री पाटीवर एबीसीडी गिरवली नाही की पाठीत धपाटा. मनगटात आठ बारकी हाडं असतात. जन्मताना ती नुसती कूर्चा असते, आणि या वयाला त्यातली निम्मीसुद्धा पक्की झालेली नसतात. त्या हातात पेन्सिल देऊन तू ओळीत अक्षर मागतोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढं कोसबाडला दाखवून दिलं की या वयाचं पोर पानं, खडे, शिंपले यांच्याशी खेळतच शिकतं. ऐंशी वर्षं होत आली त्याला. तुझ्या कानापर्यंत अजून पोचलं नाही.

मागच्या महिन्यात तुझ्या ओसरीवर काय झालं ते तू बघितलंस का? नाही, तू फोनवर होतास. मी दोन फुलपात्रं सारखी भरली. पोराला विचारलं, पाणी कशात जास्त? म्हणाला, सारखंच. मग त्याच्याच डोळ्यांदेखत एकातलं पाणी उंच ग्लासात ओतलं. म्हणाला, "ह्यात जास्त!" तुझी बायको कानकोंडी झाली. अगं बाई, या वयाचं कुठलंही पोर हेच सांगतं. सहा-सात वर्षांचा झाला की कुणी न शिकवता हसून सांगेल, तेवढंच आहे की. आणि तू म्हणतोस, त्याला नीट बोलता येत नाही! ते पोर अज्जाशी कन्नड बोलतं, आईशी मराठी. कुणाशी काय बोलायचं याची एकदाही गल्लत करत नाही. त्याला येत नाही ती फक्त इंग्रजी कविता, आणि ती तुलाही येत नाही.

द्राक्षाचं तुला बरोबर कळतं. एप्रिल छाटणी काडीसाठी, ऑक्टोबर छाटणी घडासाठी. एप्रिलमध्ये घड लागला नाही म्हणून वेल उपटलायस कधी?

आता तुझं बघू. बेचाळीस वय. स्टँडजवळ फ्लेक्स बघितला मी, काळा चष्मा आणि खाली "भावी" काहीतरी. एरिक एरिक्सन म्हणून एक होता, त्यानं १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे लिहून ठेवले. लोकांनी मला काय म्हणावं, मी कोण दिसतो, ही तगमग त्यानं सोळाव्या वर्षाच्या खात्यात घातली. चाळिशीचं काम त्यानं दुसरं सांगितलं: आपल्यामागून येणाऱ्यांना वाढवायचं, नाहीतर माणूस जागच्या जागी आंबतो. त्यानं पुढं गांधींवर पुस्तक लिहिलं, १९६९ ला. त्यासाठी कुठला प्रसंग धरला? १९१८ चा अहमदाबादचा गिरणी संप. तेव्हा गांधी अठ्ठेचाळीस वर्षांचे, आणि हजारो मजुरांची भूक त्यांनी अंगावर घेतलेली. तरी त्याच पुस्तकात त्यानं गांधींना उद्देशून पत्र लिहून घरच्यांशी आणि आश्रमातल्या पोरांशी कठोर वागल्याबद्दल सुनावलंय. गांधींची गय केली नाही तिथं, तुझी मी का करू?

सोळाव्या वर्षाची तगमग तू करतोस आणि चाळिशीचा संसार पोरीच्या डोक्यावर देतोस.

आणि तुझे अण्णा, त्या पोराचे अज्जा, कुठायत? त्यांची बाज ट्रॅक्टरच्या शेडात कधी गेली? मला सगळं कळतं. या सोयरिकीला ते नको म्हणाले, म्हणून "तुम्ही गप बसा, तुम्हाला काय कळतंय." त्यांना काय कळतंय ते मी सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात विशीतला हा माणूस रोजगाराच्या कामावर खडी फोडत होता, मिलोची लाल भाकरी खाऊन. तुला शाळेत घालायला आले तेव्हा अंगठा उठवला आणि मला म्हणाले, ह्याचा अंगठा नको उठवायला. म्हातारपणात माणूस मागं वळून हिशोब करतो, जगलो ते बरं जगलो का वाया गेलं. एरिक्सनच्या यादीत शेवटचं काम हेच. त्याला ऐकणारं माणूस लागतं. त्यांचा नातू पाटीवर रडतोय, नात बस्त्याला चाललीय, आणि ते शेडात डिझेलच्या वासात पडलेत. २००७ च्या कायद्यानं ते निर्वाहासाठी प्रांतांकडे अर्ज करू शकतात. करणार नाहीत, कारण तू त्यांचा मुलगा आहेस. तेवढ्यावर तू माजलायस.

रडू नकोस, त्याचा उपयोग नाही. आज संध्याकाळी बाज सोप्यात आण. धाकट्याची पाटी माळ्यावर टाक, सकाळी त्याला अज्जाबरोबर मेंढरांमागं जाऊ दे. पोरीची दहावी, बारावी, आणि नंतरचं ती सांगेल ते. यातलं झालं नाही तर बालविवाह रोखायचं काम गावात ग्रामसेवकाकडं आहे, आणि त्याचं घर माझ्या वाटेवरच आहे. त्यालाही मीच शिकवलंय.

काढ आता फोन. पाहुण्यांना लाव, इथंच, माझ्यापुढं. आणि स्पीकरवर ठेव, मला हल्ली कमी ऐकू येतं.