यशांतील पांचवा वाटा

यश मिळालें म्हणजे तें आपल्या गुणांचें फळ, आणि अपयश आलें म्हणजे तो दैवाचा खेळ, असा हिशेब मनुष्य स्वतःपुरता मांडीत असतो. दुसऱ्याच्या बाबतींत मात्र तो हीच वही उलटी वाचतो. या दुटप्पीपणाची परीक्षा पाहावयास पोकर या पत्त्यांच्या खेळासारखें साधन क्वचित् सांपडेल.

द्यूताची भलावण करण्याचा येथें हेतु नाहीं. धर्मराजाची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु विचारास हा खेळ बोधप्रद आहे. एकाच्या हातीं दोन एक्के, प्रतिस्पर्ध्याच्या हातीं दोन राजे, आणि दोघांनींही सर्वस्व पणास लावलेलें, अशी कल्पना करा. मधलीं पांच पानें उघडण्यापूर्वीं एक्केवाल्याच्या जयाची शक्यता शंभरांत सुमारें ८२ असते. याहून अनुकूल अवस्था फारशी येत नाहीं. तरीहि अशा पांच झुंजींतून एकामागून एक निभावून जाण्याची शक्यता शंभरांत अवघी ३७ उरते. म्हणजे पांचही वेळां अचूक निर्णय घेणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ६३ खेळाडू वाटेंतच गारद होतात, आणि बाकीचे आपल्या चातुर्याची वाहवा ऐकत पुढें जातात.

विजेत्यास हें सहसा दिसत नाहीं. शेवटच्या टेबलापर्यंत पोंचून हरलेल्यास मात्र, त्यानें मन शांत करून पाहिलें तर, तें दिसूं शकतें. ज्या एका पानानें तो बुडाला, तशाच पानांनीं त्याला पूर्वीं अनेकदां तारलें होतें. तेव्हां त्यानें दैवाची आठवण काढली नव्हती, इतकेंच.

पत्त्यांत दैव उघडच बसलेलें असतें. आमच्या कसबा बावड्यांतील तालमीच्या तांबड्या मातींत तें कोठून येणार, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणून कोल्हापुरांत घडलेल्या एका मल्लाचेंच उदाहरण घेऊं. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. बळ त्यांचें, डाव त्यांचे, मेहनतहि त्यांचीच. पण लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला होता, आणि हेलसिंकीच्या प्रवासासाठीं प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तें घर गहाण पडलें नसतें, तर तेंच बळ आणि तेच डाव असूनहि पदक मात्र आलें नसतें. परत आल्यावर खाशाबांनीं कुस्त्यांचे सामने भरवून मदत करणाऱ्यांचे पैसे फेडले, असें सांगतात. आपल्या यशांत इतरांचा वाटा किती, हें त्यांस ठाऊक होतें.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मसिद्धीचीं पांच कारणें गणलीं आहेत. त्यांत कर्ता हें केवळ एक कारण, आणि दैव हें पांचवें. हा पांचवा वाटा मान्य केल्यास मनुष्य प्रयत्न सोडील, हें भय मला निराधार वाटतें. शंभरांत ८२ ची बाजू ओळखून ती धरणें हें खेळाडूचें कर्तव्य राहतेंच. तेवढेंच त्याच्या हातीं असतें, आणि त्याची पारख त्यावरूनच व्हावी. दैवाचा वाटा मानल्यानें सुटतो तो गर्व, व हरलेल्याविषयींची तुच्छता.

परीक्षांच्या निकालाचे दिवस आले कीं आपल्या सुशिक्षित घरांत याच गोष्टीचा विसर पडतो. एका गुणानें वर्ग हुकलेला मुलगा एका रात्रींत आळशी ठरतो, आणि एका गुणानें तरलेला बुद्धिमान्. अशा दिवशीं आईबापांनीं पहिला प्रश्न अभ्यासाचा करावा, निकालाचा मागाहून. आणि ज्या घरीं पेढे वाटले जात असतील, त्या घरानें या यशासाठीं कोणाचें घर गहाण पडलें होतें काय, याची एकदां चौकशी करावी.